बघायचे पैसे कशाला? जुन्या मोटारींची प्रदर्शनं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

पुण्यात आणि आसपास जुन्या मोटारींची प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

येत्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनाचा फॉर्म परवा व्हॉट्सअॅपवर आला. गाडीचं मॉडेल, साल, नंबर, मालकाचं नाव, टी-शर्टचा साइझ. सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'प्रेक्षकांचं प्रवेशशुल्क या वर्षी वाढवण्याचा विचार आहे, सूचना असल्यास कळवाव्यात.' सूचना आहेत. टी-शर्टच्या रकान्यात मावत नाहीत म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. माझ्याकडे एक डुक्कर फियाट आहे, १९५६ सालची. कागदोपत्री ती फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. डुक्कर हे नाव कंपनीनं दिलेलं नाही, लोकांनी दिलं, आणि तेच राहिलं. तिची पुढची दारं उलटी उघडतात. गिअर स्टेअरिंगला आहे, आणि रिव्हर्स पडायला तिची थोडी मनधरणी करावी लागते. वडिलांचं नाना पेठेत गॅरेज होतं. एका गिऱ्हाइकाला बिल भरणं जमेना, तेव्हा तो गाडीच सोडून गेला. तेव्हापासून ती आमच्याकडे. म्हणजे मी संस्थानिकांच्या घराण्यातला नाही आणि बिल्डरही नाही. तुमच्या रांगेत रोल्स-रॉइस आणि ब्यूकच्या पलीकडे, कडेला, जनरेटरच्या शेजारी जी गाडी उभी असते ती माझी.

मागच्या एका प्रदर्शनातली गोष्ट सांगतो. कुठलं ते लिहीत नाही, ज्यांचं त्यांना कळेल. तिकीट चारशे रुपये होतं, पाच वर्षांवरच्या मुलांनाही पूर्ण. मैदानाभोवती पुरुषभर उंच हिरवं शेडनेट, बाहेरच्याला फुकट काही दिसू नये म्हणून. माझी गाडी नेहमीप्रमाणे कडेच्या रांगेत, नेटला लागून. त्या दिवशी ती मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवत होतं. घरून निघाली तेव्हा ठीक होती, बंडगार्डनच्या पुलावर ठसके देऊ लागली. आधीच्या महिन्यात मी दोनदा प्लग बदलले होते, कार्ब्युरेटर खोलून साफ केला होता, तरी तेच.

साडेअकराला चहाला बाहेर पडलो, कारण आतला चहा साठ रुपये होता. टपरीपाशी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. पांढरा लेंगा, वर हाताने विणलेला स्वेटर. माझ्या गळ्यातला बिल्ला बघून त्यांनी विचारलं, "आत डुक्कर हाय का ओ साहेब? मघाशी आवाज आला."

म्हटलं, आहे, माझीच आहे.

"मिसिंग मारतीय."

म्हटलं, हो ना काका, काही केल्या जात नाही.

"गरम झाल्यावरच मारती का? सकाळी गार असताना नाय ना? मग प्लगला कशाला हात लावता. कंडेन्सर बघा."

कंडेन्सर म्हणजे इंजिनाची ठिणगी नीट पडावी म्हणून असलेला छोटासा भाग. हे त्यांनी गाडी न बघता सांगितलं. शेडनेटच्या बाहेरून, रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात, एका इंजिनाचा आवाज वेगळा काढून. पुढे बोलता बोलता कळलं की ते एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि ड्युटी सुटली की संध्याकाळी पेठेतल्या एका गॅरेजात फियाटी करायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पेपरात बातमी वाचून नातवाला घेऊन बसनं आले होते. गेटवर आल्यावर कळलं की दोघांचे आठशे. "याला म्हटलं तू जा एकटा बघून ये, तर हा जात नाय."

मला मिळालेल्या दोन पासांपैकी एक बायकोच्या मनगटावर होता आणि दुसरा मेव्हण्याच्या. मेव्हणा तो पास बांधूनच घरी जेवायला गेलेला. गेटवरच्या मुलाला मी सांगून पाहिलं. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "बँडशिवाय सोडता येत नाही सर, स्कॅनिंग आहे." मग मी तिकिटं काढायला निघालो, तर काकांनी माझा हात धरला. "ते नको. बघायला कुणाचे पैसे घेऊ का मी? तुम्ही आत जाऊन सुरू करा, मी इथनं ऐकतो."

मी आत गेलो, बॉनेट उघडलं, सेल्फ मारला. नेटच्या पलीकडून आवाज यायचा, "जरा वाढवा. सोडा. परत. हां." नातवानं दोन पट्ट्यांच्या जोडावर फट शोधली आणि तिला डोळा लावला. दोनेक मिनिटं झाली असतील. बाहेरच्या सिक्युरिटीवाल्यानं काठी नेटवर आपटून त्याला बाजूला केलं. त्याच वेळी माझ्यामागे स्टेजवर एक भलीमोठी एलईडी भिंत होती आणि तिच्यावर गाड्यांचे फोटो सरकत होते. गाड्या समोर उभ्या असताना त्यांचेच फोटो भिंतीवर कशासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.

नाना पेठेत कंडेन्सर तुमच्या एका तिकिटाहून कितीतरी स्वस्तात मिळाला. मिसिंग गेलं. पाचनंतर गाड्या बाहेर सोडल्या तेव्हा मी त्यांना शोधलं, पण ते गेले होते. नंबर घ्यायचं सुचलं नाही, ही माझी चूक.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा खर्च मला ठाऊक नाही असं समजू नका. मैदानाचं भाडं, मांडव, पोलिसांची आणि वाहतूक शाखेची परवानगी, अग्निशमनची गाडी, रुग्णवाहिका, फिरती शौचालयं, विमा, सिक्युरिटी, दुसऱ्या दिवशीची साफसफाई. हे पैसे कुठून तरी यायलाच हवेत. फुकट काही नसतं हे गॅरेजवाल्याच्या मुलाला सांगायला नको. प्रश्न इतकाच, की ते कुणाच्या खिशातून यावेत.

आपण म्हणतो हौसेला मोल नाही. तर मग ही हौस कुणाची? गाडी ठेवायची हौस माझी, ती चारचौघांना दाखवायची हौस माझी, लोक भोवती जमले की छाती दोन इंच फुगते तीही माझीच. आणि मोल मात्र दापोडीच्या फिटरनं द्यायचं. सवाई गंधर्वला मी तिकीट काढून जातो आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. गाणारा माणूस आयुष्य घालून गातो, त्याला बिदागी द्यायला हवी, आणि तिथेही खुर्ची परवडत नसेल तर भारतीय बैठकीचं स्वस्त तिकीट असतंच. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनाला तिकीट असतं, तेही मी कुरकुर न करता काढतो. प्रदर्शन संपलं तरी बाग जागेवर राहते, झाडांना पाणी घालावं लागतं. नगरच्या रणगाडा संग्रहालयाचंही तसंच. रणगाडे वर्षभर सांभाळायचे आहेत. आपल्याकडे यातलं काय आहे? कलाकार म्हणावं तर गाडीमालकाला तुम्ही दमडी देत नाही, उलट सहभागाचे पैसे घेता. बाग म्हणावी तर सोमवारी सकाळी मैदानावर फक्त टायरच्या खुणा आणि कागदी कप असतात.

संस्थानिकांच्या गाड्यांबद्दल तर मला भीत भीत का होईना पण बोलायचंच आहे. तुमच्या पोस्टरवर त्याच असतात. सुंदर असतात, वाद नाही. त्यांतल्या एकेकीच्या मडगार्डवर माझी अख्खी फियाट मावेल. पण त्या आल्या कुठल्या पैशातून? रयतेच्या साऱ्यातून. पणजोबांनी शेतसारा भरला आणि आता पणतूनं तीच गाडी बघायला तिकीट काढायचं, म्हणजे एका गाडीचे दोनदा पैसे झाले. कोल्हापूरकरांना हे बरोबर कळतं. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, सीमोल्लंघनाला. अख्खं कोल्हापूर ती बघतं. पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघतात. तिथे कुणाच्या मनगटावर बँड नसतो, आणि म्हणून मेबॅकची शान काही कमी झालेली नाही.

आणि साध्या गाड्यांचं काय? ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली होती, तिची वीस वर्षं भरली. त्या पद्मिनीत बसायला मुंबईकरानं मीटरनं पैसे दिले. बघायला कधी दिले नाहीत. तिच्यातून कुणी बाळंतिणीला नेलं, कुणी व्हीटीवर मामाला सोडलं. उद्या तीच पद्मिनी तुम्ही दोरीच्या आत उभी केलीत आणि त्याच माणसाला म्हणालात की चारशे काढा, तर तो हसेल तरी किंवा शिव्या तरी देईल.

नव्या गाड्यांच्या प्रदर्शनात तर तिकीट मला निव्वळ गंमत वाटते. २०२३ च्या जानेवारीत ग्रेटर नोएडाला ऑटो एक्स्पो झाला तेव्हा पहिल्या दिवशी ७५० रुपये, शनिवार-रविवारी ४७५, इतर दिवशी ३५० असं तिकीट होतं. म्हणजे जाहिरात बघायचे पैसे. शोरूममध्ये गेलं तर तीच गाडी फुकट दाखवतात, वर चहा पाजतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या भारत मंडपममध्ये एक्स्पो झाला तेव्हा नाव नोंदवलं की प्रवेश मोफत. खर्च कंपन्यांनी उचलला, कारण विकायचं त्यांना होतं. ज्याचा फायदा त्यानं पैसे द्यावेत, हा बाजारातला साधा हिशेब तिथे लागू झाला.

बाहेर देशी तरी वेगळं कुठे आहे? लंडन ते ब्रायटन ही जगातली सगळ्यात जुनी मोटारींची रपेट. १८९६ च्या नोव्हेंबरात मोटारींना रस्त्यावर ताशी चौदा मैल जायची मुभा मिळाली, त्याची आठवण म्हणून ती निघते, आणि १९०५ च्या आधीच्याच गाड्यांना तीत घेतात. साठ मैलांचा रस्ता, नोव्हेंबरातला पहिला रविवार, कडेला छत्र्या घेतलेली माणसं. गाडी उतरवणारा शुल्क भरतो. रस्त्याकडेला उभं राहून बघणारा काही भरत नाही. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला तिकीट शेकडो डॉलरांचं असतं हे मला माहीत आहे, तुमच्यापैकी एकानं मला तेच तोंडावर मारलं होतं. पण तिथला पैसा धर्मादाय संस्थांना जातो आणि ते उघड सांगितलं जातं. तुम्ही गेल्या वर्षीचा हिशेब कुठे लावला होतात? शौचालयाच्या दारावर लावला असतात तरी मी वाचला असता.

तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा गर्दीचा. तिकीट नसलं की कुणीही येतं, गाडीला हात लावतं, ओरखडे पडतात. हे मी हसण्यावारी नेत नाही. काही वर्षांपूर्वी एका फुकट प्रदर्शनात माझ्या गाडीच्या ग्रिलवरचा बिल्ला गेला. तो मी जुन्या बाजारात चार रविवार आणि तीन बुधवार शोधला, शेवटी एका भंगारवाल्याकडे मिळाला. माझाच होता की दुसरा, देव जाणे. एकदा एका पोराच्या जीन्सच्या रिव्हेटनं दारावर हातभर रेघ ओढली. त्या रात्री मीसुद्धा तुमच्यासारखंच म्हटलं होतं की तिकीट लावा आणि तेही सणसणीत.

मग तिकिटाची प्रदर्शनं पाहिली आणि मत बदललं. फुकट आलेला माणूस 'हात लावू का?' म्हणून विचारतो. चारशे देऊन आलेला विचारत नाही, दार उघडतो. मी काही बोललो की म्हणतो, "अहो, पैसे भरून आलोय." त्याच्या मते चारशेत त्यानं माझ्या सीटवर बसायचा हक्क घेतलेला असतो, पोराला स्टेअरिंगवर बसवायचा हक्क घेतलेला असतो. मागच्या वेळी एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी पाऊण तास माझ्या बॉनेटला टेकून उभं होतं. नवरीच्या लेहंग्याला टिकल्या होत्या. रेघा आजही आहेत, या बघायला. तिकीट त्यांचं होतंच. गाडी सांभाळते ती दोरी, आणि दोरीजवळ उभा असलेला एक जागा माणूस. गेल्या वेळी दोरी होती, पण पोरगा मोबाइलमध्ये होता.

सरकारनं २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी नियम काढला, तुम्ही सगळ्यांनी त्याचे पेढे वाटलेत. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, जुना नंबर असेल तर तसाच ठेवता येतो. पण त्यात हेही आहे की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. म्हणजे बाजारहाट गेला, लग्नाची वरात गेली. कायद्याच्या लेखी आता ती मुख्यतः दाखवायचीच वस्तू. आणि दाखवायची ती कुणाला, हे गेटवरचं तिकीट ठरवणार असेल, तर ती बघणारे कोण उरतील याचा विचार आपण करायला नको?

कारण या गाड्या पैशानं चालत नाहीत, माणसांनी चालतात. पैसे टाकले की टायर येतील, क्रोम होईल, इटलीहून रबर बीडिंगही येईल. पण पॉइंटची फट हाताच्या अंदाजानं बसवणारा, आवाजावरून टॅपेट ओळखणारा माणूस कुरिअरनं येत नाही. त्या पिढीतले थोडे उरलेत आणि ते पेन्शनवर आहेत. त्यांची नातवंडं फटीला डोळा लावून उभी आहेत. त्यांतल्या एखाद्याला नाद लागला तर आणखी तीस वर्षं माझी गाडी चालेल. नाहीतर ती हॉटेलच्या लॉबीत उभी करायची वस्तू होईल, टायरखाली विटा लावून.

मग पैसे कुठून आणायचे? गणपतीत जे करता तेच करा. पुण्यातले देखावे बघायला कुणी तिकीट काढत नाही, आणि तरी मंडळं बुडालेली नाहीत. वर्गणी आधी, कमानीवर जाहिराती, स्टॉलचं भाडं. इथेही आधी आमच्याकडून घ्या. मी सहभागाचे पंधराशे भरतो, तीन हजार करा. ज्यांच्या गाडीच्या नुसत्या पॉलिशचा खर्च माझ्या महिन्याच्या किराण्याएवढा आहे त्यांच्याकडून दहा हजार घ्या. नाकं मुरडतील, पण देतील, कारण ट्रॉफी हवी असते. लग्नाच्या फोटोवाल्यांना वेगळी वेळ द्या, सकाळी सात ते नऊ, आणि चांगले पाच हजार घ्या. पार्किंगचे घ्या. ज्याला निवांत बघायचंय, मालकाशी गप्पा मारायच्यात, त्याच्यासाठी शनिवारची संध्याकाळ ठेवा. हजाराचं तिकीट लावा, खुर्ची द्या, चहा द्या. माझी त्याला काही हरकत नाही. एलईडी भिंत काढून टाका. निवेदिकेला रजा द्या. टी-शर्ट तर मुळीच नको, माझ्याकडे सात आहेत आणि एकही अंगाला बसत नाही.

रविवार मात्र मोकळा ठेवा. शेडनेट उतरवा. आणि एक सतरंजी किंवा चार खुर्च्या अशा ठेवा जिथे जुने फिटर, ड्रायव्हर, पेंटर येऊन बसतील, आणि आम्ही मालक आपापल्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे जाऊ. त्यांचा चहा माझ्याकडून.

माझ्या मालक मित्रांनाही दोन शब्द. गर्दी नको असं बैठकीत तुम्हीच म्हणता आणि नाव आयोजकांचं होतं. रिकाम्या मैदानात गाडी उभी करून एकमेकांच्या गाड्यांकडे वाकडं बघत बसायचं असेल, तर त्याला प्रदर्शन कशाला हवं? क्लबच्या पार्किंगमध्येही ते होतं.

फॉर्म मी अजून भरलेला नाही. मॉडेल, साल, नंबर लिहून ठेवलंय, सही बाकी आहे. रविवारच्या तिकिटाचं काय ठरलं ते कळवा, मग गाडी आणायचं बघतो. आणि तुमच्यापैकी कुणाला दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, फियाटी करणारे ते काका ठाऊक असतील, तर त्यांना निरोप द्या की कंडेन्सरच होता.

आपला,
एका डुक्कर फियाटचा मालक
नाना पेठ, पुणे